वर्दीची वही

गेल्या मृगात, पावसाला नुकती सुरुवात झाली होती तेव्हा, एका संध्याकाळी माझा नातू माझा फोन घेऊन शेजारी येऊन बसला. पूर, वादळ, वीज यांची आगाऊ सूचना घरबसल्या मिळावी म्हणून सरकारने जी सोय केली आहे, तिच्यात माझे नाव घालायचे त्याच्या मनात होते. ‘आजोबा, जिल्हा पुणेच ना? भाषा मराठी ठेवू?’ असे एकेक विचारीत तो काचेवर बोटाने टिचक्या मारीत होता. मीही ‘हो, हो’ म्हणत होतो. सारे झाल्यावर त्याने सहज विचारले, ‘पण तुम्ही रात्री फोन बंद करून झोपता. मग याचा उपयोग काय?’

मला उत्तर सुचले नाही. तो उठून गेला. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. आयुष्यभर मी जुनी दप्तरे चाळली. कोणी कोणाला काय कळविले, केव्हा कळविले आणि ते ऐकले कोणी, हेच पाहण्यात माझी पन्नास वर्षे गेली. वर्दी देणाऱ्याविषयी इतिहासात पुष्कळ सापडते. वर्दी घेणाऱ्याविषयी फारच थोडे. आणि वर्दी ज्यांच्यापर्यंत पोचायची होती पण पोचली नाही, त्यांच्याविषयी तर दप्तर बहुधा मुकेच असते. नातवाच्या त्या प्रश्नामुळे मी हा विषय पुन्हा एकदा त्या दुसऱ्या टोकाकडून पाहू लागलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

*

संकटाची आगाऊ वर्दी ही काही नवी कल्पना नाही. गावात दवंडी होती, गडावर नगारा होता, नदीकाठच्या देवळाच्या पायऱ्यांवर पुराच्या खुणा होत्या. पाणी अमुक पायरीला लागले की खालच्या आळीने उठावे, हे कोणाला सांगावे लागत नसे. परंतु या साऱ्या सूचना डोळ्यांना दिसलेल्या संकटाच्या होत्या. जे संकट अद्याप दिसत नाही, दूर समुद्रात किंवा डोंगरापलीकडे आहे, त्याची सूचना देण्याची विद्या आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, आणि ती सुरू झाली समुद्रावर.

कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज गृहस्थ होता. बंगालच्या उपसागरातील वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून त्याने त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ही वादळे सरळ वाहत नाहीत, वेटोळे घालून फिरतात, हे ओळखून त्याने १८४८ च्या सुमारास त्यांना ‘सायक्लोन’ हा शब्द दिला. पुढे कलकत्त्याच्या आग्नेयेस मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर-जनरल डलहौसी यांना पत्र लिहून सांगितले की, या जागी एखाद्या दिवशी वादळाबरोबर समुद्राची लाट येईल आणि सारे बुडवील. पत्राचा काही परिणाम झाला नाही. बंदर बांधले गेले, त्याला लॉर्ड कॅनिंगचे नाव मिळाले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने ते उद्ध्वस्त केले. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ रोजी खुद्द कलकत्त्यावर मोठे वादळ येऊन गेले होते. हुगळीतून लाट वर चढली, नांगरलेली जहाजे एकमेकांवर आदळली, आणि काठची हजारो माणसे वाहून गेली. मृतांचा आकडा साठ हजारांच्या आसपास सांगितला जातो. या तडाख्यानंतर मात्र सरकार जागे झाले. १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये साऱ्या देशासाठी हवामान खाते निघाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. हेच खाते पुढे सिमल्यास गेले आणि १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यात आजही रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटले की पुरते. ती कचेरी तिथे का आली हे त्याला ठाऊक नसले तरी चालते.

आता वर्दी घेणाऱ्याच्या बाजूने ही व्यवस्था पाहा. बंदरावर उंच काठीला दिवसा विशिष्ट आकाराच्या खुणा आणि रात्री दिवे टांगीत. कोळी त्याला बावटा म्हणतात. एक नंबरचा, तीन नंबरचा, असे चढत चढत दहापर्यंत. दहा म्हणजे महाभयंकर. त्याच्याही पुढे अकरावा एक आहे. अकराचा अर्थ वादळ आणखी मोठे आहे असा नव्हे. त्याचा अर्थ असा की, वर्दी देणाऱ्या केंद्राशी संबंधच तुटला आहे. आता तिकडून काही कळणार नाही, ज्याने त्याने आपले पाहावे. ज्या कोणी ही पद्धत बसविली त्याला माणसांच्या कारभाराची चांगली जाण असली पाहिजे. वर्दीचे न येणे हीसुद्धा एक वर्दीच असते, हे त्याने नंबर देऊन सांगून ठेवले.

बंदराबाहेर ही सूचना तारेने जाई. पण तार काही सर्वांना जात नसे. खात्यापाशी नावांची नोंद असे, आणि त्या नोंदीत जो असेल त्यालाच तार जाई. बंदराचे अधिकारी, जिल्ह्याचे कलेक्टर, रेल्वेचे आणि पाटबंधाऱ्यांचे इंजिनीयर अशी ही नावे. जहाज बुडाले तर मालकाचे नुकसान, रूळ वाहून गेले तर कंपनीचे. त्यांची नावे नोंदीत आली हे स्वाभाविकच होते. नदीकाठच्या झोपडीतले माणूस त्या वहीत नव्हते. त्याच्यापर्यंत वर्दी पोचायची ती कलेक्टराकडून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून पाटलाकडे आणि पाटलाकडून दवंडीवाल्याकडे, अशी पायरी पायरीने. दर पायरीवर थोडा वेळ जाई आणि दर पायरीवर कोणाला तरी वाटे की, एवढी काही घाई नाही.

नातवाने परवा माझे नाव घातले ते याच वहीत. दीडशे वर्षांनी ती माझ्यासारख्याला उघडी झाली, हा फरक लहान नव्हे.

*

परंतु वही नसतानाही वर्दी शेवटच्या माणसापर्यंत पोचविता येते, याचे एक उदाहरण त्याच काळातले आहे. ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

गढवालात अलकनंदेला मिळणारी बिरही गंगा नावाची एक नदी आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये गोहना गावाजवळ या नदीच्या खोऱ्यात डोंगराची अख्खी कडा कोसळली. दरडी लागोपाठ दिवसचे दिवस पडत होत्या. नदीच्या पात्रात दगडमातीचा सुमारे नऊशे फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला आणि त्यामागे पाणी तुंबू लागले. ही बातमी अधिकाऱ्यांपर्यंत गेली, आणि कर्नल पलफर्ड नावाच्या इंजिनीयराने जागा पाहून सांगितले की, तळे भरून बांधावरून पाणी वाहू लागेपर्यंत धोका नाही; त्याला वर्षभर लागेल; पण त्यानंतर मात्र बांध राहणार नाही. भूगर्भ खात्याचे हॉलंड यांनी पुढे पाहणी केली आणि १८९४ च्या ऑगस्टचा मध्य हा सुमार दिला.

म्हणजे संकट येणार हे ठरले, कोठून येणार हे ठरले आणि केव्हा येणार हेही जवळजवळ ठरले. हाती दहा-अकरा महिने होते. या महिन्यांत जे झाले ते मला त्या भाकितापेक्षाही महत्त्वाचे वाटते.

लेफ्टनंट क्रुकशँक नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याला तळ्यावर पहाऱ्यास बसविण्यात आले. तळ्यापासून थेट हरिद्वारपर्यंत, दीडशे मैलांच्या आसपास, डोंगरदऱ्यांतून तारेची ओळ टाकण्यात आली. नदीवरचे झुलते पूल काढून घेतले, कारण पूर ते नेणारच होता आणि त्यावर कोणी उभे असते तर तोही गेला असता. बद्रिनाथाच्या यात्रेकरूंसाठी वरून वेगळी वाट केली. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे, खोऱ्याच्या दोन्ही अंगांना पुराचे पाणी कोठवर चढेल त्याचा हिशोब करून त्या उंचीवर दगडी खांब उभे केले. खांबाच्या वर गेलात की वाचलात; खाली राहिलात तर जबाबदारी तुमची. अक्षर न येणाऱ्या माणसालाही हा खांब वाचता येत होता. दवंडी वाऱ्यावर जाते. खांब रोज गुरे चारताना दिसे, पाणी भरताना दिसे, आणि म्हणून वर्षभरात तो लोकांच्या अंगवळणी पडला.

२५ ऑगस्ट १८९४ रोजी सकाळी तळ्याचे पाणी बांधावरून वाहू लागले. दिवसभर ते बांध कुरतडीत होते. मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला आणि चार-पाच तासांत तळ्याचे बहुतेक पाणी खोऱ्यात उतरले. गढवालच्या राजांची जुनी राजधानी श्रीनगर जवळजवळ धुऊन गेली. नवे गाव पुढे उंच जागी वसवावे लागले. पूर दुसऱ्या दिवशी सकाळी हरिद्वारला पोचला, पण तार त्याच्या कितीतरी आधी पोचली होती.

आणि माणसे? एवढ्या प्रचंड पुरात पाच माणसे गेली. एक फकीर आणि त्याच्या घरचे. त्यांनाही तेथून हलविले होते, पण ते परत जाऊन बसले.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला त्या अधिकाऱ्यांचे मोठे कौतुक वाटले. अजूनही वाटते. पण जसजसे वय झाले तसतसे माझे लक्ष त्या पाच माणसांकडे अधिक जाऊ लागले. तो फकीर का परतला असेल? दप्तरात एवढेच आहे की त्याने ऐकले नाही. त्याचे तिथे काय होते, कोणाची कबर होती की चार भांडी होती, की परक्या सरकारच्या शिपायाने हात धरून उठविले याचा राग होता, हे कोणी लिहून ठेवले नाही. वर्दी त्याच्यापर्यंत पोचली होती. ती त्याची झाली नव्हती. वर्दी पोचणे आणि पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोचविणे हे तारेचे काम आहे. पटणे हे त्याआधीच्या दिवसांचे, महिन्यांचे काम आहे.

त्या तळ्याचा जो भाग उरला होता तोही २० जुलै १९७० च्या महापुरात फुटला आणि अलकनंदेच्या काठाने पुन्हा हाहाकार उडाला. त्या खेपेला खोऱ्यावर कोणी क्रुकशँक बसलेला नव्हता. शहात्तर वर्षांत खांबांची आठवण पुसली होती.

*

गोहन्याची गोष्ट परक्या मुलखातली. दुसरी माझ्या गावची आहे आणि तिच्यात मी स्वतः आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर पानशेतचे पाणी आले. मी दहा वर्षांचा होतो. अंबी नदीवरचे हे मातीचे धरण पुरते पूर्ण व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडविले होते. धरण खचते आहे हे लक्षात आल्यावर लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती टाकीत राहिले. त्यांच्या त्या कष्टाने धरण वाचले नाही, पण फुटायचे ते रात्रीऐवजी दिवसा फुटले, आणि त्यामुळे हजारो माणसे वाचली, असे पुण्यातली जुनी माणसे कृतज्ञतेने सांगतात. ते खरे आहे. झोपेत पाणी आले असते तर नदीकाठच्या पेठांत सांगायलाही कोणी उरले नसते. पानशेतपाठोपाठ १८७९ पासून उभे असलेले खडकवासल्याचे जुने धरणही त्याच दिवशी फुटले.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होता. पुढच्या बाजूला सहा बिऱ्हाडे. मागे परसात एका खोलीत एक विधवा बाई एकट्या राहत. पापड-शेवया करून देत. त्यांना ऐकू जरा कमी येई. सारा वाडा त्यांना ‘मागच्या काकू’ म्हणे.

त्या सकाळी गल्लीत कुजबुज होतीच. कोणी म्हणे धरणाला भेग पडली, कोणी म्हणे दुरुस्त झाली. माझे आजोबा, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, ओटीवर पान लावीत बसले होते. ते म्हणाले, ‘सरकारी धरण आहे ते. फुटायला ते काय मातीचं मडकं आहे?’ धरण मातीचेच होते हे त्यांना ठाऊक नव्हते. तात्या काही अडाणी नव्हते. तीस वर्षे कचेरीत काढलेली, आणि वरून आलेला कागद दाखवल्याखेरीज कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय जडलेली. त्या दिवशी कागद येणार नव्हता.

मग आमचा गवळी पुलाकडून धावत आला. त्याच्या हातात बरण्या नव्हत्या. एवढ्यावरूनच माझी आई उठली. ती नेहमी सांगे, ‘रतीब टाकून पळतो तो खोटं बोलत नाही.’ तिने धाकट्याला काखेत घेतले, माझा दंड धरला आणि तात्यांना म्हणाली, ‘मामंजी, पान नंतर खा.’ सासऱ्यांशी ती एवढ्या मोठ्याने बोलल्याचे मी त्याआधी किंवा नंतर ऐकले नाही. वाड्यात एकच गलका उडाला. जो तो दुसऱ्याला हाका मारीत होता. आम्ही पर्वतीच्या रोखाने पळालो. मागे वळून पाहिले तेव्हा रस्त्यावर पाणी नव्हते. थोड्या वेळाने पाहिले तेव्हा रस्ता नव्हता.

काकूंची आठवण झाली ती पर्वतीच्या पायथ्याशी. सहा बिऱ्हाडांतल्या प्रत्येकाला वाटले होते की दुसऱ्या कोणीतरी त्यांना सांगितले असेल. तात्या मट्कन खाली बसले. दिवसभर ते कोणाशी बोलले नाहीत.

काकू वाचल्या. पाणी खोलीत शिरल्यावर त्या न्हाणीच्या भिंतीवरून शेजारच्या वाड्याच्या माडीवर चढल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे बसून होत्या. आमचा वाडा मात्र पडला. मातीच्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या. आठ दिवसांनी त्या आईला भेटल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘अगं, मला कुणी हाकच मारली नाही.’

पानशेतच्या पुरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. चौकशी झाली, धरण कशाने खचले यावर इंजिनीयरांचे वाद झाले, मृतांच्या आकड्याबद्दल अजूनही एकमत नाही. ते सारे महत्त्वाचे आहे. पण माझ्यापुरती पानशेतची सारी हकीकत त्या एका वाक्यात आहे. ज्या शहरात हवामानाची एवढी मोठी कचेरी होती, तिथे आम्हाला वर्दी मिळाली ती गवळ्याकडून. आणि तीही वाड्याच्या परसापर्यंत गेली नाही.

*

या दोन हकीकतींतून जे दिसते तेच पुढे फार मोठ्या प्रमाणावर दिसले. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला बेटाजवळ वादळ आले. तीन ते पाच लाख माणसे मेली असे मानतात. वादळ येत आहे हे आधी कळलेले होते, रेडिओवरून सांगितलेही गेले होते. पण अनेकांना त्या सूचनेचा अर्थ कळला नाही, आणि कळला त्यांना जायला उंच जागा नव्हती. स्वतंत्र झालेल्या बांगला देशाने यातून धडा घेतला. रेडक्रॉसच्या साहाय्याने १९७२-७३ पासून गावोगावचे स्वयंसेवक तयार केले. त्यांच्या हाती कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा, निशाण आणि सायकल. वादळाची सूचना आली की त्यांनी आपापल्या वस्तीत दारोदार जायचे. हे स्वयंसेवक त्याच गावचे; म्हातारी कोणत्या घरात आहे आणि बाळंतीण कोणत्या, हे त्यांना विचारावे लागत नाही. त्याबरोबर उंच पक्के निवारे बांधले. १९९१ च्या वादळात तिथे पुन्हा लाखाच्या वर माणसे गेली, म्हणजे काम एका दिवसात झाले नाही. परंतु २००७ च्या ‘सिद्र’ वादळात हा आकडा काही हजारांवर आला. समुद्र तोच होता.

आपल्याकडे ओरिसाची कहाणीही अशीच. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलीन’ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलविले गेले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या खूपच आत राहिली. या चौदा वर्षांत उपग्रह सुधारले, गणिते सुधारली, हे खरेच. पण त्याच चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गावागावांत माणसे नेमली गेली आणि दरसाल तालमी झाल्या. उठा म्हटल्यावर उठायची सवय लोकांना लागली.

आणि जिथे कसलीच यंत्रणा नव्हती तिथे काय झाले तेही पाहा. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली, तेव्हा आपल्या किनाऱ्यासाठी तिची सूचना देणारी व्यवस्थाच नव्हती. पाँडिचेरीजवळ नल्लवाडू नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथला एक मुलगा सिंगापुरात कामाला होता. त्याने बातम्या पाहिल्या आणि घरी फोन केला. गावात एका संस्थेने माहिती केंद्र चालविले होते आणि हवामानाच्या, मासळीच्या बातम्या सांगण्यासाठी तिथे ध्वनिक्षेपक बसविलेला होता. लोकांनी त्यावरून ओरडून सारे गाव उठविले. घरे गेली, होड्या गेल्या, माणसे वाचली. त्या मुलाच्या फोनचे सर्वांनी कौतुक केले आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कर्ण्यावरून रोज समुद्राची खबर ऐकायची गावाला सवय होती, म्हणूनच त्या सकाळी कोणी ‘अफवा आहे’ असे म्हणत बसले नाही. आमच्या तात्यांना त्या दिवशी नेमके हेच हवे होते. रोज खरे बोलणारा एक ओळखीचा आवाज.

याच्या उलट आपल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून गाव गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. आणि बाहेरच्या जगाला ते कळले, ते एस. टी.चा चालक नेहमीच्या फेरीवर आला आणि त्याला गावच दिसले नाही तेव्हा. तिथे आगाऊ सूचना राहोच, संकट होऊन गेल्याची वर्दी द्यायलाही मागे कोणी उरले नव्हते.

*

आता पुन्हा नातवाच्या प्रश्नाकडे येतो.

आजची व्यवस्था जुन्या तारेच्या मानाने अद्भुत आहे, यात शंका नाही. तिचे दोन प्रकार आहेत असे त्याने मला समजावून सांगितले. एकात मनोऱ्याच्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी सूचना जाते. त्यासाठी कोणाचा नंबर लागत नाही की नाव लागत नाही. २०२३ मध्ये तिची चाचणी झाली तेव्हा देशभर अनेकांचे फोन एकाएकी किंचाळू लागले आणि लोक घाबरले, ते तुम्हाला आठवत असेल. दुसऱ्या प्रकारात आपण होऊन सामील व्हावे लागते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आहे. विजेची आगाऊ सूचना देणारे ‘दामिनी’ तर आपल्या पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे. आपण उभे आहोत तिथून वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा संभव असेल तर ते सांगते. शेतात काम करणाऱ्याला याचे मोल किती, हे मी सांगायला नको.

पहिला प्रकार अधिक चांगला, असे प्रथम मला वाटले. कोणी वगळले जात नाही. विचार केल्यावर वाटते की दुसऱ्यातही एक गुण आहे. जो नाव नोंदवितो तो त्या क्षणी एक कबुली देतो, की संकट माझ्याही दारी येऊ शकते, आणि तुम्ही हाक माराल तेव्हा मी ओ देईन. गोहन्याच्या खोऱ्यात खांब पाहून लोकांनी वर्षभर मनात जी तयारी केली, तिचीच ही पहिली पायरी आहे. पण ती पहिलीच. नाव नोंदवून फोन बंद करून झोपणारा मी आणि पान लावीत बसलेले तात्या यांत फारसा फरक नाही. फोन नसलेला, वाचता न येणारा, ऐकू न येणारा माणूस तर या दोन्ही प्रकारांच्या बाहेरच राहतो. यंत्र सूचना देऊन मोकळे होते. परसातल्या खोलीपर्यंत ती नेणे हे वाड्यातल्या माणसांचे काम आहे, आणि ते कोणाचे हे आधी ठरले नसेल तर ते कोणाचेच राहत नाही.

हल्ली आम्ही नदीपासून फार दूर नसलेल्या एका सोसायटीत राहतो. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की खालच्या मजल्याला धाकधूक असते. नातवाशी बोलणे झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी एक साधी शंभर पानी वही आणली आणि जिने चढउतार करून प्रत्येक दारी जाऊन आलो. घरात रात्री कोण असते, फोन उशाशी कोणाचा असतो, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाचे दार कोणी ठोठवायचे, हे लिहून घेतले. काहींनी चहा दिला, काहींनी ‘आजोबा, आता हे काय नवीन?’ म्हणून हसून घेतले. एका घरात तर मला जनगणनेवाला समजले.

तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेच्या कडेला एक खोली आहे. तिच्यात आमचा रखवालदार, त्याची बायको आणि दोन मुली राहतात. पाणी आले तर पहिले तिथे शिरेल. त्याच्यापाशी जुना, बटणांचा फोन आहे. आपले नाव कशाला विचारतात हे त्याला आधी कळेना. त्याला वाटले, तक्रार आहे. मग कळले तेव्हा त्याने धाकट्या मुलीचे नाव स्वतःहून सांगितले, वय सांगितले आणि म्हणाला, ‘साहेब, रात्री हाक मारायची झाली तर हिला मारा. मी गाढ झोपतो, हिला लगेच जाग येते.’

वहीच्या पहिल्या पानावर मी तेच लिहिले. त्यापुढे, दार कोणी ठोठवायचे त्या रकान्यात, माझे नाव घातले. आता रात्री मी फोन बंद करीत नाही.